नांगर बदलतोय : २४ फुटी शिडाच्या बोटीसाठी साखळी, दोर आणि वजनाचं गणित

रेवसचा_वारा

नमस्कार मंडळी. तिघा मित्रांत मिळून आमची एक जुनी शिडाची बोट आहे, मांडव्याला असते. २४ फूट, फायबरची, सामान आणि माणसं धरून साधारण १६०० किलो. पाण्याखाली सव्वा मीटर. मागे ६ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड.

फेब्रुवारीच्या अमावस्येला आम्ही मुरूडला गेलो होतो. राजपुरीच्या खाडीत, दिघी-आगरदांडा फेरीची वाट सोडून कडेला, संध्याकाळी सहाला नांगर टाकला. साउंडरवर (पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) तीन मीटर पाणी, खाली गाळ. बोटीबरोबर आलेला सहा किलोचा घडीचा नांगर, छत्रीसारखे चार पाय उघडणारा. त्याला दोन मीटर बारीक साखळी आणि पुढे निळा प्लास्टिकचा दोर. वीस मीटर सोडला. पाण्याच्या पाचपट सोडायचा असं वाचलं होतं, आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची धरूनही ते बरोबर पाचपट होतं. जेवून झोपलो.

साडेबाराला जाग आली ती आवाजाने. पाणी बोटीच्या अंगाला घासून जात होतं, जसं चालत्या बोटीला जातं. बाहेर आलो तर जंजिऱ्याचा तट अंधारात एवढा मोठा दिसत होता की क्षणभर कळेना आपण कुठे आहोत. ओहोटी लागली होती आणि आम्ही नांगरासकट किल्ल्याकडे चाललो होतो. मशीन पहिल्या दोरीला सुरू झालं म्हणून आज हे लिहितोय. नांगर वर घेतला तेव्हा त्याचे दोन पाय मिटलेले होते, मध्ये चिखलाचा गोळा, आणि दोराचा एक वेढा पायात अडकलेला.

त्या रात्री बोटीवर माझी अकरा वर्षांची मुलगी होती. म्हणून आता हे सगळं मुळापासून नीट करायचं आहे. नांगर कुठल्या जातीचा आणि किती किलोचा घ्यावा? साखळी किती, दोर कुठला? आमच्या बोटीला पुढे रोलर नाही, नांगराची पेटी नाही, नांगर उचलायचं यंत्र नाही. हातानेच ओढायचं आहे.

देवगडकर

सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. नांगराच्या जातीबद्दल जाणकार सांगतीलच. मी एकच विचारतो : रात्री बाराला पाणी किती होतं?

अमावस्या-पौर्णिमेला मुंबईपासून मुरूडपर्यंत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे असते, सुकती (ओहोटीचं सगळ्यात खालचं पाणी) सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. म्हणजे तुम्ही उधाणाच्या अगदी तळाच्या सुकतीला पाणी मोजलंत. तुमचा दोर सहा वाजता पाचपट होता. बाराला तो किती पट राहिला, ते काढून बघा.

आमचे वडील गाबीत, चाळीस वर्षं देवगड बंदरात होते. ते म्हणायचे, ‘नांगर हलको आसलो तरी चलात, दोर आखूड नको.’ बोटीवर नवा पोरगा आला की त्याला आधी हातांनी वाव (दोन्ही हात पसरून होणारी लांबी) मोजायला शिकवायचे, बाकी सगळं नंतर.

रेवसचा_वारा

काका, आत्ता वहीत मांडलं आणि गप्प झालो. रात्री मशीन चालू केलं तेव्हा साउंडर साडेसहा दाखवत होता, म्हणजे पाणी साडेतीन मीटर चढलं होतं. नाळ पाण्यापासून एक मीटर वर. सहा वाजता ३ + १ = ४, वीस मीटर दोर म्हणजे पाचपट. बाराला ६.५ + १ = ७.५, तोच वीस मीटर म्हणजे पावणेतीन पटही नाही. मी भरतीचं कोष्टक बघितलं होतं, पण फक्त बोट टेकणार नाही ना, एवढ्यासाठी.

चेसापीकचा_मराठी

पट कमी झाल्याने काय बिघडतं ते सांगतो, कारण नांगराची निवड त्यावरूनच ठरते. नांगर वजनाने बोट धरत नाही, तो जमिनीत शिरून धरतो. ओढ तळाला जितकी समांतर, तितका तो खोल जातो. दोर आखूड झाला की ओढ वरच्या बाजूला होते आणि तीच ओढ त्याला उपटायला लागते. तुमच्या बाबतीत पाणी चढलं, दोर उभा झाला, मग ओहोटीने बोट फिरली आणि नांगराला उलट्या बाजूने झटका बसला. घडीचा नांगर खडकात किंवा डिंगीला (छोट्या होडीला) ठीक. मऊ गाळात त्याचे बारीक पाय म्हणजे दह्यात काटा फिरवल्यासारखं.

बाकी जातींबद्दल थोडक्यात. नांगरणीच्या फाळासारखा दिसणारा सी.क्यू.आर. इंग्लंडात जी. आय. टेलर या शास्त्रज्ञाने १९३३ साली समुद्री विमानांसाठी काढला. अजून शेकडो जुन्या बोटींवर आहे, पण त्याला शिरायला वेळ लागतो आणि कडक वाळूत तो आडवाच घसरत राहतो. डॅनफर्थ हा दोन सपाट पात्यांचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या बोटींनी वापरला. वजनाच्या मानाने पकड जबरदस्त, विशेषतः गाळात आणि वाळूत. दोष एकच, पण तुमच्या खाडीसाठी मोठा : ओढीची दिशा उलटली की तो उपटतो, आणि पात्यांत शिंपला किंवा शेवाळ अडकलेलं असेल तर परत शिरत नाही. मग नव्या पिढीतले खोलगट फावड्यासारखे : फ्रान्सचा स्पेड, आणि मागे कमान असलेले न्यूझीलंडचे रोकना, मॅन्सन सुप्रीम वगैरे. कमानीमुळे नांगर उताणा पडला तरी लोळून टोकावर येतो आणि हातभर अंतरात शिरतो. प्रवाह फिरला तर जमिनीतल्या जमिनीत वळतो, किंवा निघाला तरी लगेच परत धरतो.

दर सहा तासांनी पाणी उलटतं अशा खाडीत मुख्य नांगर म्हणून मी डोळे झाकून कमानीचा घेईन, आणि ॲल्युमिनियमचा डॅनफर्थ जातीचा हलका नांगर जोडीला ठेवीन. इथे अमेरिकेतल्या चेसापीक बेमध्ये तळ म्हणजे नुसता लोण्यासारखा चिखल. फोर्ट्रेस या ॲल्युमिनियमच्या नांगराच्या कंपनीने २०१४ मध्ये मेरीलँडच्या सॉलोमन्सजवळ अशाच चिखलात वेगवेगळ्या नांगरांच्या ओढ-चाचण्या घेतल्या. त्यात पात्यांचा कोन ३२ ऐवजी ४५ अंश ठेवलेला त्यांचाच नांगर पुढे होता. चाचणी बनवणाऱ्यानेच घेतलेली, हे ध्यानात ठेवून वाचावी. पण मऊ गाळात पात्याचं क्षेत्रफळ आणि कोन याला वजनापेक्षा जास्त किंमत आहे, हे माझ्याही अनुभवाचं आहे.

धातूवाला_पुणे

साखळीबद्दल मी बोलतो, तो माझा धंदा आहे.

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी घेऊ नका. ती गेटला कुलूप लावायला आहे. जिच्यावर दर्जाचा शिक्का आहे, जिची ओढ-चाचणी झालेली आहे आणि जी वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली आहे, अशीच घ्या. जस्ताची चकचकीत इलेक्ट्रोप्लेटिंग दिसायला सुंदर असते, खाऱ्या पाण्यात एका हंगामात लाल होते.

स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो. आपल्या कोमट पाण्यात, त्यातही गाळात जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, स्टेनलेस फटींतून आतल्या आत कुजतं. ३०४ दर्जाचं तर नकोच, पण त्याहून चांगलं ३१६ सुद्धा वरून झकास आणि आतून चिरलेलं मी पाहिलं आहे. गंजणारं साधं लोखंड निदान गंजतंय हे दाखवतं तरी.

शॅकल (पिन लावून बंद होणारी जोडकडी) साखळीपेक्षा एक माप मोठी घ्या, म्हणजे ८ मिमी साखळीला १० मिमीची. तिची पिन कडीतून जाते का ते दुकानातच घालून बघा, घरी येऊन नव्हे. पिन आवळल्यावर तिच्या भोकातून तार ओवून पक्की बांधा. शॅकलच्या पिना हिसक्यांनी हळूहळू सुटतात आणि नांगर तळाशी राहतो. फिरकी (स्विव्हल) बसवू नका. आडव्या ओढीत तिची मान मोडते, आणि एवढ्या छोट्या बोटीला तिची गरजच नसते.

नांगर इथेच बनवून घ्यायचा विचार असेल तर तोही धोका सांगतो. आकार कापून वेल्डिंग करणं कोणालाही जमेल. पण दांडा साध्या माइल्ड स्टीलचा असला की बोट फिरताना बाजूच्या ओढीने तो केळ्यासारखा वाकतो. टोकाला वजन बरोबर बसलं नाही तर नांगर शिरतच नाही. माझं स्वतःचं वर्कशॉप असून मी माझ्या मेहुण्याला तयार विकत घ्यायला लावला.

रेवसचा_वारा

सर्वांचे मनापासून आभार. मग १० किलोचा कमानीचा नांगर पाहतोय. आमच्या मापाला तक्त्यात ६ किलोही चालतो असं दिसतं, पण एक पायरी वर जावं असं वाटतं. साखळीचं वजन मात्र डोक्यात बसत नाहीये. ८ मिमी साखळी मीटरला १.४ किलो, ६ मिमी साधारण ०.८. पूर्ण साखळीच घ्यायची म्हटलं तर ४० मीटर म्हणजे ५६ किलो, एक माणूस कायमचा नाळेवर बसवल्यासारखं. आमची बोट नाक पाण्यात खुपसून चालेल.

सई_ऑकलंड

पूर्ण साखळी विसरून जा, तुमच्या बोटीसाठी ती नाहीच. साखळीला पोटात झोल पडतो आणि तोच हिसके शोषतो, असं सगळे सांगतात. मंद वाऱ्यात खरं आहे. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : १५ नॉटचे ३० झाले की ओढ चौपट. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात २५ फुटी बोटीला १५ नॉटला १२५ पौंड, ३० नॉटला ४९० पौंड आणि ४२ नॉटला ९८० पौंड ओढ धरली आहे. ४९० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो. एवढ्या ओढीला साखळी बहुतेक सरळ होते, झोल संपतो, आणि मग प्रत्येक लाट थेट नांगराला आणि डेकला हिसका देते. जेव्हा झोल हवा असतो नेमका तेव्हाच तो नसतो.

नायलॉन ताणतो. तो प्रत्येक हिसका गिळतो. म्हणून १० मीटर ८ मिमी साखळी (१४ किलो) आणि पुढे ६० मीटर १२ मिमी तीनपदरी नायलॉन. साखळीचं काम तळाच्या दगड-शिंपल्यांवर घासणं सहन करायचं आणि नांगराचा दांडा खाली दाबून ठेवायचा, एवढंच. नवा १२ मिमी नायलॉन तुटायला तीन टनांच्या आसपास ओढ लागते, भिजल्यावर दहा-पंधरा टक्के कमी धरा. तुमच्या गरजेच्या कितीतरी वर.

आणि तो निळा प्लास्टिकचा दोर आजच काढा. तो तरंगतो. वारा पडला की सैल दोर पाण्यावर येतो, कोणाच्याही पंख्यात अडकतो, तुमच्याही. उन्हाने वर्ष-दोन वर्षांत त्याची भुसकट होते.

देवगडकर

सईताई, एवढं एक सोडून बाकी सगळं पटलं. दहा मीटर साखळी वाळूत आणि गाळात पुरे. पण हे लोक आज मुरूडला गेले, उद्या मालवणला जाणार. तिथे सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडपंच खडपं. बोट वाऱ्यावर फिरली की दोर खडपाच्या धारेवर येतो आणि नायलॉन सुरीने कापल्यासारखा जातो. मी २० मीटर साखळी सांगेन, भले ६ मिमीची.

सई_ऑकलंड

मुद्दा रास्त आहे. २० मीटर ६ मिमी म्हणजे १६ किलो, वजनात फारसा फरक नाही. पण ६ मिमीच्या कड्यांत मोठी शॅकल बसत नाही, आणि जोड हाच सगळ्यात कच्चा राहतो. मी तरी ८ मिमीवर ठाम आहे. हवं तर १५ मीटर घ्या, २१ किलो.

देवगडकर

पंधरावर मी खूश. पण खडपात दुसरी गोष्ट नांगर अडकण्याची. दहा किलोचा महागडा नांगर कपारीत गेला तर तो बाहेर काढणार कोण? आमच्याकडे खडपात टाकायला सळयांचा नांगर करतात, ओढल्यावर सळई सरळ होते आणि तो सुटतो. चांगल्या नांगराच्या मागच्या भोकाला वेगळी बारीक दोरी बांधून वर बोया सोडायचा. अडकला तर त्या दोरीने उलट ओढायचा. दोरी भरतीच्या पाण्यापेक्षा लांब हवी, नाहीतर पाणी चढलं की बोयाच नांगर उचलतो. हे तुम्ही आता विसरणार नाही.

खारा_वारा

मध्येच विचारतो. मी फक्त दिवसाचा जातो, मांडव्याला दोन तास थांबून जेवून परत. मला एवढं सगळं हवं का?

चेसापीकचा_मराठी

बोटीवर कोणी जागं आणि मशीन चालू होणारं असेल तर हलका नांगर चालेल. पण दोर नायलॉनचाच आणि लांबच ठेवा. परत निघताना मशीन बंद पडलं, वारा किनाऱ्याकडे आहे, अशा वेळी नांगर हाच तुमचा ब्रेक असतो. तेव्हा दुपारचे तीन वाजलेत की रात्रीचे, याने काही फरक पडत नाही.

धातूवाला_पुणे

दोर बांधणार कशाला, हे कोणी विचारलंच नाही. जुन्या फायबरच्या बोटींचं डेक बहुतेक दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असं असतं. क्लीटच्या (दोर बांधायच्या डेकवरच्या खुंटीच्या) बोल्टांतून पाणी झिरपून ते लाकूड कुजतं. वरून सगळं ठीक दिसतं. सव्वादोनशे किलोचा हिसका बसला की क्लीट बोल्टांसकट उपटून येते. खाली उतरून आतून बघा. बोल्टाला नुसत्या छोट्या वॉशर असतील तर काढा. भोकं मोठी करून कुजकं लाकूड खरवडा, इपॉक्सीने भरा, परत छिद्र पाडा, आणि खाली तळहाताएवढी ६ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी द्या.

रेवसचा_वारा

बघितलं. चार बोल्ट, नाण्याएवढ्या वॉशर. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर लाकूड ओल्या केकसारखं बाहेर आलं. म्हणजे त्या रात्री नांगराने धरलं असतं तर कदाचित क्लीटच गेली असती. दोन रविवार या कामात जातील. नाळेवर रोलरही बसवतोय, दोर कडेवर घासू नये म्हणून.

सई_ऑकलंड

रोलर असला तरी दोर जिथे वळतो तिथे वेष्टण लागेलच. बागेच्या रबरी नळीचा तुकडा घालू नका. नायलॉन ताणला-सैलावला की आतून तापतो, आणि बंद नळीत पाणी पोचत नाही, उष्णता बाहेर पडत नाही. अग्निशमनाच्या जुन्या कापडी नळीचं वेष्टण उत्तम : घासण्यापासून वाचवतं आणि भिजलेलं राहतं.

दोराचं आतलं टोकही बोटीला बांधा, पण शॅकलने नाही. बारीक दोरीच्या चार-पाच वेढ्यांनी, चाकूने एका झटक्यात कापता येतील असं. रात्री एखादं मोठं जहाज अंगावर येत असेल तर नांगर वर घ्यायला वेळ नसतो.

रेवसचा_वारा

(एप्रिल) कळवायला उशीर झाला. सगळं बसवून पौर्णिमेला पुन्हा त्याच जागी गेलो. मुद्दाम त्याच जागी.

१० किलोचा कमानीचा नांगर, १५ मीटर ८ मिमी साखळी, ६० मीटर १२ मिमी नायलॉन. दोराला दर पाच मीटरवर वेगळ्या रंगाचा धागा विणला, रात्री हातांना कळावं म्हणून दहाच्या खुणांवर गाठीचा धागा. संध्याकाळी सहाला सुकती, पाणी पुन्हा तीनच्या आसपास. या वेळी आधी कोष्टकातून रात्रीचं पाणी काढलं : साडेसहा, नाळेचा एक, साडेसात. पाचपट म्हणजे साडेसदतीस, सातपट म्हणजे साडेबावन्न. आजूबाजूला दुसरी बोट नव्हती, पन्नास सोडले. सुकतीला तेवढ्या दोरावर बोट केवढा वळसा घेईल तेही मोजलं, कारण किनाऱ्याकडे उथळ आहे आणि कडेला डोलीच्या जाळ्यांचे खांब आहेत.

नांगर आधी फेकायचो तसा फेकला नाही. तळाला टेकेपर्यंत हाताने सोडला आणि बोट वाऱ्याने मागे जाऊ दिली. दोर ताणल्यावर मशीन रिव्हर्समध्ये, आधी हळू, मग जवळजवळ पूर्ण. किनाऱ्यावरचं एक छप्पर आणि मागच्या डोंगरावरचं एकटं झाड अशा दोन खुणा एका रेषेत धरल्या होत्या. बोट एकदा दचकली, नाळ खाली गेली, आणि खुणा रेषेतच राहिल्या. मिनिटभर तसंच धरलं. डोलकाठीवर पांढरा दिवा लावला.

बारा वाजता उठून बसलो. पाणी चढलं, थांबलं, ओहोटी लागली, बोट सावकाश फिरली. साडेतीनच्या सुमाराला मतलई सुटली, थंड आणि बऱ्यापैकी जोराची, तशी पुन्हा फिरली. मोबाइलमधल्या अँकर अलार्मवर रात्रभराची रेघ एका अर्धचंद्रासारखी उमटली होती आणि त्या अर्धचंद्राचा मध्य जागचा हलला नव्हता. मुलगी या वेळीही होती. ती झोपली होती.

सकाळी नांगर निघेना. तिघांनी ओढून पाहिलं. शेवटी दोर उभा करून क्लीटला बांधला आणि चहा केला. सुकती संपून भरती लागली तशी नाळ खाली ओढली गेली, आणि अर्ध्या तासाने बोटीनेच त्याला उपटलं. कमानीपर्यंत काळा गाळ होता.

धातूवाला_पुणे

शॅकलची तार तपासली का?

रेवसचा_वारा

तपासली. एक वेढा सैल झाला होता, नवीन घातली.

देवगडकर

वाचून फार आनंद झाला. मेअखेर बोट वर काढाल तेव्हा साखळी गोड्या पाण्याने धुवा आणि टोकं उलटी करून जोडा, म्हणजे झीज दोन्हीकडे सारखी होते.

रेवसचा_वारा

करतो काका. दसऱ्यानंतर विजयदुर्गापर्यंत यायचा बेत आहे. तिथे कुठे टाकू?

देवगडकर

किल्ल्याला वळसा घालून वाघोटण खाडीत आत या. दुपारचा वायव्येचा वारा किल्ला अडवतो, तळ चांगला आहे. पुढे गिऱ्याजवळ मराठ्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे, मुलीला दाखवा. जेटीसमोर थांबू नका, पहाटे मच्छीमारांची ये-जा असते. आणि नांगर टाकण्याआधी जेटीवर कोणालाही विचारा, त्या रात्री जाळी कुठे लावली आहेत ते. ती जागा रोज बदलते, नकाशात सापडणार नाही.